जुने कन्चेर्टो, नवी वाद्ये आणि आपण

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय, शेती, राज्यघटना अशा अनेक विषयांची चर्चा होते. खुद्द वसंतावर मात्र क्वचितच कोणी बोलते. आज आम्ही त्याच नावाच्या एका रचनेपासून आरंभ करतो. व्हेनिसचा संगीतकार आन्तोनिओ विवाल्दी याचे चार ऋतूंवरचे चार कन्चेर्टो १७२५ साली ॲम्स्टरडॅम येथे छापून निघाले. त्यांतला पहिला 'वसंत'. त्याचे आरंभीचे स्वर आपणांपैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असतील. कधी जाहिरातीत, कधी एखाद्या कंपनीला टेलिफोन केल्यावर 'कृपया थांबा' असे सांगून जे संगीत लावतात त्यात. नाव ठाऊक नसेल इतकेच.

आता कोणी म्हणेल, युनियनच्या कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाने युरोपच्या दरबारी संगीतावर बोलण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण लवकर संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सहवासात झाले. पाश्चात्त्य स्वरलिपी आम्ही आजही बोट ठेवूनच वाचतो. परंतु या संगीताचा इतिहास वाचू लागलो तेव्हा असे दिसून आले की त्यात पगार आहे, करार आहे, बडतर्फी आहे, कपात आहे, तुरुंग आहे, आणि शेवटी एका फार मोठ्या संघटनेने पुकारलेला बहिष्कारही आहे. म्हणजे विषय आमच्या ओळखीचा निघाला.

आजचा आमचा प्रश्न साधा आहे. १९५० ते १९७० च्या सुमारास या कन्चेर्टोंच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या आजच्या धर्तीच्या व्हायोलिनवर, आजच्या बासरीवर, आजच्या ट्रम्पेटवर वाजविलेल्या आहेत. पुढे विद्वानांचा आणि वादकांचा एक पक्ष उभा राहिला. तो म्हणू लागला की हे संगीत त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळच्या पद्धतीने वाजविले तरच खरे. या मतात तथ्य आहे, आणि त्याचा विचार आपण पुढे करू. पण त्याचा एक परिणाम असा झाला की जुन्या तबकडीवर प्रेम करणारा साधा श्रोता संकोचू लागला. आपल्याला जो आनंद झाला तो अडाण्याचा आनंद होता की काय, असे त्याला वाटू लागले. या संकोचाला कारण आहे काय, हे आपण इतिहासाच्या आधारे पाहू.

प्रथम कन्चेर्टो म्हणजे काय ते सांगतो. युरोपच्या संगीतात सुमारे १६०० ते १७५० या कालखंडाला बरोक असे म्हणतात. त्याच्या उत्तरार्धात तारवाद्यांचा एक ताफा आणि त्यातून पुढे येणारे एक किंवा अनेक वादक अशी एक रचना रूढ झाली. आरंभी सगळा ताफा मिळून एक मुखडा वाजवितो. मग एकटा व्हायोलिनवादक पुढे होऊन आपले काम करतो. तो थांबला की ताफा पुन्हा मुखडा उचलतो. आपल्या भजनात बुवा कडवे सांगतात आणि टाळकरी धृपद उचलतात, त्याची आठवण ठेवली तर ही रचना समजायला अडचण पडत नाही. रोमच्या आर्कान्जेलो कोरेल्लीने दोन व्हायोलिन व एक चेलो यांची छोटी तुकडी मोठ्या ताफ्यासमोर उभी केली; त्याचे असे बारा कन्चेर्टो त्याच्या मृत्यूनंतर १७१४ साली प्रसिद्ध झाले. विवाल्दीने १७११ च्या आपल्या संग्रहात मुखड्याची पद्धत पक्की केली. जर्मनीत योहान सेबास्टियन बाखने १७२१ साली सहा कन्चेर्टोंची सुबक प्रत करून ती ब्रांडेनबुर्गच्या मार्गग्राफला अर्पण केली. लंडनमध्ये हेंडेलने १७३९ च्या शरदात सुमारे एका महिन्यात बारा कन्चेर्टो लिहून काढले. आज आपण बोलणार आहोत ते मुख्यत्वे याच भांडाराविषयी.

आता हे संगीत कोणी, कोणत्या परिस्थितीत घडविले ते पाहू. व्हेनिसमध्ये पिएता नावाचे एक अनाथालय होते. नको असलेली अर्भके लोक त्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात आणून ठेवीत. त्यांपैकी ज्या मुलींच्या अंगी गुण दिसे त्यांना गायन-वादन शिकविले जाई, आणि त्यांचा वाद्यवृंद युरोपभर प्रसिद्ध होता. १७०३ साली विवाल्दी तेथे व्हायोलिनचा शिक्षक म्हणून लागला. पगार वर्षाला साठ डुकाट. त्याची नेमणूक कायमची नव्हती. संस्थेचे कारभारी तिच्यावर वेळोवेळी मत घेत. १७०९ साली मत विरुद्ध पडले आणि त्याची नोकरी गेली. १७११ साली त्याला परत बोलाविण्यात आले. १७२३ साली ठरले की त्याने दरमहा दोन कन्चेर्टो पुरवावेत आणि गावात असेल तेव्हा तालमी घ्याव्यात. याला आपण नगावर मजुरी म्हणतो.

आणि वाजविणाऱ्या त्या मुली? त्यांना आडनावे नव्हती. आन्ना मारिया नावाची एक थोर वादक तेथे होती. तिच्यासाठी विवाल्दीने कितीतरी कन्चेर्टो लिहिले. तिला 'व्हायोलिनची आन्ना मारिया' असेच म्हणत. म्हणजे हातातले वाद्य हेच आडनाव. या मुली उंच सज्जात जाळीआड बसून वाजवीत. खाली बसलेल्या श्रीमंत प्रवाशांना आवाज येई, चेहरा दिसत नसे. ही जाळी आपण लक्षात ठेवू. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

बाखची गोष्ट याहून परखड आहे. तो वायमारच्या ड्यूकच्या पदरी होता. १७१७ साली त्याने कोथेनचा राजपुत्र लिओपोल्ड याची नोकरी पत्करली आणि सुटका मागितली. ड्यूक सोडीना. बाखने आग्रह धरला, तेव्हा त्याला ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असा जवळजवळ महिनाभर तुरुंगात टाकण्यात आले आणि मग अवकृपेचा शेरा मारून मोकळे केले. राजीनामा देणे हा गुन्हा होता! तो कोथेनला गेला तेव्हा तेथल्या ताफ्यात काही फार चांगले वादक होते. ते तेथे कसे आले? १७१३ साली प्रशियात नवा राजा गादीवर आला, त्याने काटकसर म्हणून बर्लिनचा दरबारी वाद्यवृंद मोडून टाकला. कपातीत गेलेल्या त्या वादकांपैकी काहींना कोथेनने ठेवून घेतले होते. ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टोंचा अर्पणलेख बाखने कोथेनमध्येच लिहिला. दरबारी दिमाखाच्या या संगीतामागे कामावरून काढलेल्या माणसांचे हातही आहेत, हे पुस्तकांत एका ओळीत सांगून पुढे जातात. आम्हांला त्या ओळीपाशी थांबावेसे वाटले.

पुढे या साऱ्याचा विसर पडला. १७३४ साली मार्गग्राफ वारला, तेव्हा बाखच्या सहा कन्चेर्टोंची किंमत चोवीस ग्रोशन धरण्यात आली, नगामागे चार. ते हस्तलिखित १८४९ साली सापडले आणि पुढच्या वर्षी छापले गेले. विवाल्दी १७४१ साली व्हिएन्नात निर्धन अवस्थेत मरण पावला आणि जवळजवळ दोनशे वर्षे त्याचे नाव ग्रंथांच्या तळटीपांत राहिले.

१९२६ साली उत्तर इटलीतील एका धार्मिक शाळेला इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, म्हणून तिने आपली जुनी हस्तलिखिते विकायला काढली. तूरिन विद्यापीठातील आल्बेर्तो जेन्तिली या अभ्यासकाने ती तपासली, तो त्यांत विवाल्दीच्या रचनांचा ढीग. रोबेर्तो फोआ या गृहस्थाने आपल्या वारलेल्या तान्ह्या मुलाच्या, माउरोच्या, स्मरणार्थ ती विकत घेऊन तूरिनच्या ग्रंथालयाला दिली. संग्रहाचा उरलेला अर्धा भाग जेनोआच्या एका सरदार घराण्याकडे निघाला. तो १९३० साली फिलिप्पो जोर्दानो या कापड-कारखानदाराने आपल्या मृत मुलाच्या, रेन्झोच्या, नावाने घेऊन दिला. गिरणीमालकांविषयी आम्ही आयुष्यभर पुष्कळ बोललो आहोत; या एका मालकाचे नाव येथे आदराने घेतो. दोन बापांच्या दुःखातून हे संगीत जगाला परत मिळाले. पण १९३८ साली इटलीत वंशभेदाचे कायदे आले. जेन्तिली आणि फोआ ज्यू होते. जेन्तिलीची विद्यापीठातील जागा गेली, आणि १९३९ साली सिएना येथे विवाल्दीचा मोठा उत्सव झाला तो ज्यांनी त्याला शोधून काढले त्यांना वगळून झाला.

आता तबकडीकडे वळू. ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टोंची सहाही कामे १९३५ साली लंडनमध्ये आडोल्फ बुश आणि त्याचे साथीदार यांनी ध्वनिमुद्रित केली. बुश हा जर्मन व्हायोलिनवादक, ज्यू नव्हे. १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझींनी ज्यूंवर बहिष्कार पुकारला तेव्हा त्याने जर्मनीत वाजविणेच बंद केले. त्याचा पियानोवादक सहकारी रुडोल्फ सेर्किन हा ज्यू होता. पाचव्या कन्चेर्टोत बाखने हार्पसिकॉर्ड योजले आहे. बुशच्या तबकडीवर तेथे सेर्किनचा पियानो ऐकू येतो. शास्त्र पाहिले तर ते वाद्य चुकीचे आहे. परंतु १९३५ साली एका जर्मनाने एका ज्यूच्या शेजारी बसून बाख वाजवावा, यात जे खरेपण आहे ते कोणत्या वाद्याच्या मापाने मोजावे?

दुसरी घटना तर आमच्या धंद्यातलीच. अमेरिकेतील वादकांची संघटना मोठी होती आणि जेम्स पेट्रिलो हा एके काळचा ट्रम्पेटवादक तिचा अध्यक्ष होता. तिची तक्रार अशी की वादक एकदा वाजवितो, त्याचे एकदा पैसे घेतो, आणि मग ती तबकडी रेडिओवर, हॉटेलांत, नाचघरांत वर्षानुवर्षे वाजून त्याच्याच भाईबंदांची पोटे मारते. गिरणीत साचे वाढले आणि माणसे घटली. तसेच येथे, फरक एवढाच की हे यंत्र वादक स्वतःच्या हातांनी घडवीत होता. संघटनेने १९४२ साली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. त्याची परिणती अशी झाली की कंपन्या दर तबकडीमागे काही रक्कम एका निधीत देऊ लागल्या आणि त्यातून बेकार वादकांना मेहनताना देऊन लोकांसाठी फुकट जलसे होऊ लागले. १९४७ च्या नव्या मजूर कायद्याने हा निधी संघटनेच्या हाती ठेवणे बेकायदा ठरविले. तेव्हा १ जानेवारी १९४८ पासून पुन्हा बहिष्कार जाहीर झाला.

याच मुदतीच्या आत, १९४७ च्या शेवटच्या आठवड्यात, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुई कॉफमन या व्हायोलिनवादकाने विवाल्दीचे चारही ऋतू ध्वनिमुद्रित करून घेतले. कॉफमन हा हॉलिवूडच्या स्टुडिओंत रोजगार करणारा वादक; असंख्य चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात त्याचे व्हायोलिन आहे. त्याच्या या ध्वनिमुद्रिकेला १९५० साली फ्रान्सचे मोठे पारितोषिक मिळाले, विवाल्दीचे नाव घरोघर पोहोचण्यास तिचा मोठा हातभार लागला, आणि २००३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्राचा ठेवा म्हणून तिची नोंद केली. बहिष्कार १९४८ च्या डिसेंबरात मिटला. स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती नवा निधी देण्यात आला आणि फुकट जलसे चालू राहिले. या तबकडीच्या जन्मवेळी एका संघटनेने आपल्या माणसांच्या भाकरीचा हिशेब मागितला होता, ही गोष्ट संगीताच्या रसिकांनी विसरू नये.

१९४८ च्या जूनमध्ये मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आली. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांचे संगीत मावे. चारही ऋतू मिळून सुमारे चाळीस मिनिटांचे. ते आता एकाच तबकडीवर आले. कन्चेर्टोला ही लांबी जणू मापून बेतल्यासारखी होती. १९५१ साली रोममध्ये सान्ता चेचिलिया अकादमीच्या बारा विद्यार्थ्यांनी 'ई म्यूझिची' नावाचा वाद्यवृंद काढला. त्याला संचालक नव्हता; आपसांत ठरवावे आणि वाजवावे अशी रीत. त्यांची चार ऋतूंची १९५५ ची आणि पुन्हा १९५९ ची तबकडी, फेलिक्स आयो याच्या व्हायोलिनसह, जगभर खपली. लंडनमध्ये मोठ्या वाद्यवृंदांतले पगारी वादक नेव्हिल मॅरिनर याच्या दिवाणखान्यात फावल्या वेळी जमू लागले. मॅरिनर स्वतः लंडन सिंफनीत दुसऱ्या व्हायोलिनांचा प्रमुख होता. संचालकाच्या छडीपासून थोडी सुटका मिळावी आणि आपल्या मनाने वाजवावे, एवढाच हेतू. त्यातूनच 'अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स' उभी राहिली. तिचा पहिला जाहीर कार्यक्रम १९५९ साली झाला. ज्या तबकड्यांना आज कोणी जुनाट म्हणतात त्या अशा माणसांनी, बरोबरीच्या नात्याने, आपल्या आनंदासाठी वाजविल्या आहेत. तो आनंद तबकडीत ऐकू येतो, असे आम्हांस वाटते.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकू. तो सांगतो की विवाल्दीच्या काळी व्हायोलिनला आतड्याच्या तारा होत्या, मान आखूड व कमी कललेली होती, गज हलका होता. आजच्या गजाचा घाट पॅरिसच्या तूर्तने अठराव्या शतकाच्या अखेरीस दिला. ट्रम्पेटला कळा नव्हत्या, बासरी लाकडाची होती. आजचे वादक षड्जस्थानी धरतात तो स्वर त्या काळच्या पुष्कळ गावांतल्या स्वराहून सुमारे अर्ध्या स्वराने उंच आहे. आजच्या वाद्यांचा आवाज मोठा आहे, म्हणून तोल बिघडतो. उदाहरणार्थ, दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टोत ट्रम्पेट, रेकॉर्डर नावाची बासरी, ओबो आणि व्हायोलिन अशी चार वाद्ये बरोबरीने बोलतात; आजचा ट्रम्पेट बेतानेच वाजविला नाही तर बासरी बुडते. हे सर्व खरे आहे. व्हिएन्नात निकोलाउस हार्नोन्कूर्टने १९५३ साली जुन्या वाद्यांचा संच जमविला आणि १९६४ साली त्या वाद्यांवर ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले, तेव्हा अनेकांना आपण चित्रावरची धूळ पुसली जाताना पाहतो आहोत असे वाटले. हेही सांगितले पाहिजे की हार्नोन्कूर्ट १९६९ पर्यंत व्हिएन्ना सिंफनीत चेलो वाजवून पगार घेत होता. दिवसा नवी वाद्ये, सवडीने जुनी. त्याच्या कष्टांविषयी आम्हांला आदरच आहे.

तथापि, 'तरच खरे' हा जो निकाल देतात तो आम्हांला मान्य नाही. त्याची तीन कारणे सांगतो. पहिले असे की जुने आणि नवे यांची सीमा वाटते तितकी स्पष्ट नाही. स्त्रादिवारी हा थोर कारागीर १७३७ साली वारला. तो विवाल्दीचा समकालीन. त्याची व्हायोलिने आजही मैफलीत वाजतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या माना पुढे बदलण्यात आल्या. उलट जुन्या धर्तीची म्हणून जी वाद्ये वाजतात त्यांतली पुष्कळ आपल्याच काळातल्या कारागिरांनी नमुन्यावरून बनविलेली आहेत. मग नवे कोणते आणि जुने कोणते?

दुसरे कारण खुद्द बाखने दिले आहे. विवाल्दीचा चार व्हायोलिनांचा एक कन्चेर्टो त्याने चार हार्पसिकॉर्डांसाठी करून घेतला. आपल्याच चौथ्या ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टोतले व्हायोलिनचे काम त्याने हार्पसिकॉर्डला दिले. हाताशी जे वाद्य आणि जो वादक असेल त्याच्याकडून काम करून घ्यावे, ही त्या काळची कारागिराची रीत होती. आणि तिसरे कारण असे की त्या काळचा श्रोता आता कोठून आणणार? जुने व्हायोलिन करता येईल, जुना कान करता येणार नाही. आपण आगगाडी, भोंगा आणि रेडिओ ऐकलेल्या कानांनीच विवाल्दी ऐकतो.

या वादाची जात आपणां महाराष्ट्रीयांना अनोळखी नाही. पेटीवर मींड निघत नाही, तिचे स्वर ठाम, तिच्यात श्रुती नाहीत, शिवाय ती परदेशी, असे म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बंदी केली आणि ती बंदी तीसएक वर्षे टिकली. पेटीविरुद्धचे आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते. पण त्याच पेटीच्या आणि ऑर्गनच्या साथीने नाट्यगीते रंगली, कीर्तने झाली, गावोगावच्या मुलांना स्वरज्ञान झाले. आक्षेप खरा असूनही आनंद खोटा ठरत नाही, हे आपण तेव्हाच अनुभवले आहे.

आणखी एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. संगीतकार प्यारेलाल यांनी त्यांच्यापाशी व्हायोलिनचे धडे घेतले. दिवसभर स्टुडिओत रोजगार आणि मनात युरोपचे अभिजात संगीत, अशी त्यांची स्थिती. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून दोन्ही परंपरा एकत्र आणण्याचा यत्न केला. हॉलिवूडचा कॉफमन आणि माजोर्ड्याचे गोन्साल्विस हे एकाच धंद्यातले कामकरी होत. आपल्या आवडत्या गाण्यांत जे व्हायोलिनांचे थवे उठतात, ते वाजविणाऱ्यांची नावे त्या तबकड्यांवर नव्हती.

येथे आपण पिएताच्या जाळीपाशी परत येतो. जाळीआडच्या मुलींचे चेहरे दिसत नसत. तबकडीवरही संगीतकाराचे, मुख्य वादकाचे, संचालकाचे नाव मोठे, बाकीचे 'वाद्यवृंद'. आज हे सारे संगीत मोबाइलवर एका बोटासरशी मिळते. पण मागच्या रांगेतला व्हायोला कोणी वाजविला हे तेथेही बहुधा सापडत नाही. वाद्य जुने की नवे यावर एवढा खल होतो, त्याच्या चतुर्थांश तरी वाजविणाऱ्या माणसांवर व्हावा, असे आम्हांस वाटते.

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांना हे संगीत नवीन आहे त्यांनी 'वसंता'चा मधला संथ भाग लावावा. वर एकटे व्हायोलिन झोपलेल्या गुराख्याचे गाणे गाते. खाली व्हायोला पुनःपुन्हा दोन आघात करतो, तो त्याचा भुंकणारा कुत्रा. तसे विवाल्दीने स्वतःच लिहून ठेवले आहे. 'शिशिरा'च्या संथ भागात तारा बोटांनी छेडतात, तो बाहेर पडणारा पाऊस. वरची लांब धून ही आत शेकोटीपाशी बसलेल्याची. नव्या व्हायोलिनचा लांब, भरदार गज येथे कानाला फार गोड लागतो. मग बाखचा तिसरा कन्चेर्टो ऐकावा. तीन व्हायोलिन, तीन व्हायोला, तीन चेलो आणि खाली आधाराचे वाद्य. त्यात कोणी एक नायक नाही. एकाने शब्द टाकावा, दुसऱ्याने उचलावा, तिसऱ्याने पुढे न्यावा. चांगल्या चाललेल्या सभेत असेच होते! त्यानंतर पाचवा घ्यावा. त्यात एरवी मागे बसून साथ करणारे हार्पसिकॉर्ड हळूहळू पुढे सरकते आणि शेवटी सगळा ताफा थांबवून तीनएक मिनिटे एकटेच बोलते. साथीदार बोलू लागला की काय होते, ते तेथे ऐकावे.

हे सर्व एकदा नव्या वाद्यांवर ऐकावे, एकदा जुन्या धर्तीच्या वाद्यांवर. दोहोंत काय फरक पडतो तो आपल्या कानांनी पारखावा. जे आवडेल ते निःसंकोच आवडू द्यावे. अनाथ मुलींनी, तुरुंगातून सुटलेल्या नोकराने, कपातीत गेलेल्या वादकांनी आणि स्टुडिओतल्या रोजंदारांनी जे संगीत आपल्यापर्यंत आणून पोहोचविले, त्याचा आस्वाद घेण्यास कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

आमची एक सूचना आहे आणि ती करून आम्ही भाषण संपवितो. आपल्या गावाच्या वाचनालयात एक खोली महिन्यातून एका संध्याकाळी या कामासाठी मिळू शकेल. घरांच्या माळ्यांवर जुन्या तबकड्या पडून आहेत, त्या जमवाव्यात. एक चालू यंत्र मिळवावे. पाश्चात्त्य असो की आपले, जे लावायचे ते आधी दोन शब्दांत समजावून सांगावे. आणि तबकडी लावण्यापूर्वी वेष्टनावर जेवढी वादकांची नावे छापलेली असतील तेवढी सगळी मोठ्याने वाचावीत. यास पाच मिनिटे लागतील. ती पाच मिनिटे त्या माणसांचे देणे आहे.